लढायला शिकवा, पण चेहरा सांभाळून

आग्रीपाड्यातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये मी मुलामुलींना ज्युदो शिकवते. मदनपुरा, नागपाडा, भायखळा इथली मुले जास्त, थोडी बीआयटी चाळीतली. बरेचसे पालक मुसलमान, आणि त्यांचा पहिला प्रश्न फीबद्दल नसतो. "आपा, हे जायज आहे ना?", म्हणजे धर्माला चालते ना, हा असतो. हल्ली त्यात एमएमएची, म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्ती सगळे चालणाऱ्या लढतींची, भर पडली आहे. मुले मोबाइलवर खबीब नुरमागोमेदोव्ह या रशियन मुसलमान लढवय्याच्या लढती बघतात आणि घरी अम्मीला म्हणतात, तोही नमाजी, मग मला का पाठवत नाही?

विचारणे बरोबरच आहे. पण "ज्युदो चालतो, बॉक्सिंग चालत नाही" एवढी यादी पाठ करून भागत नाही. एकाच खेळाच्या दोन क्लासांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. म्हणून मी पालकांना सांगते, खेळाचे नाव जरा बाजूला ठेवा आणि दोन गोष्टी बघा. जिंकायला समोरच्याला इजा करावीच लागते का? आणि थांबायची वेळ आली की थांबवतो कोण?

मी आलिमा नाही. कोकणी घरातली, शाफई (सुन्नींच्या मसलकांपैकी, म्हणजे पंथांपैकी एक), पेशाने प्रशिक्षक. हदीस (प्रेषितांची वचने) आणि फिकह (धर्माचा कायदा) यांबद्दल इथे जे लिहिले आहे ते आमच्या मौलानांकडे बसून, विचारून घेतलेले आहे. फतवा हवा असेल तर मुफ्तींकडेच जा. त्यांना नेमके काय सांगून विचारायचे, तेही शेवटी दिले आहे.

आधी दीन काय म्हणतो ते समजून घ्या

अंगात ताकद कमावणे इस्लामला पसंत आहे. सहीह मुस्लिममध्ये हदीस आहे की बलवान मोमिन अल्लाहला दुबळ्या मोमिनापेक्षा जास्त प्रिय, आणि भलाई दोघांतही आहे. ईदच्या दिवशी हबशी लोक मदिनेच्या मशिदीत भाले घेऊन खेळत होते आणि हजरत आयशा (रजि.) प्रेषितांच्या (स.) आडोशाने मन भरेपर्यंत तो खेळ बघत राहिल्या, हे बुखारीत आहे. रुकाना नावाच्या मक्केतल्या पहिलवानाला प्रेषितांनी (स.) कुस्तीत पाडल्याची रिवायत अबू दाऊद आणि तिर्मिजीत येते. तिची सनद, म्हणजे सांगणाऱ्यांची साखळी, भक्कम नसल्याचे तिर्मिजींनी स्वतःच नोंदवले आहे, पण इजा न करता खेळलेली कुस्ती जायज आहे हे उलेमा फक्त त्या एका रिवायतीवरून सांगत नाहीत. उहुदच्या लढाईआधी समुरा आणि राफे ही दोन कोवळी मुले फौजेत घ्यावे म्हणून एकमेकांशी कुस्ती खेळली, हे सीरतच्या किताबांत आहे. माझ्या बॅचमधल्या मुलांना ही गोष्ट फार आवडते.

आता दुसरी बाजू. बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत हदीस आहे: तुमच्यापैकी कोणी कोणाशी लढला तर त्याने चेहरा टाळावा. हे खऱ्या भांडणातले सांगणे आहे. राग डोक्यात गेलेला असतानाही जिथे मारायचे नाही, तिथे खेळ म्हणून, शिट्टी वाजल्यावर, गुण मिळवायला कसे मारायचे? मला तरी याला पळवाट दिसत नाही.

त्याच्या जोडीला फिकहचा मोठा कायदा येतो, "ला जरर व ला जिरार". नुकसान सोसायचे नाही आणि करायचे नाही. कुरआनात सूरह बकराच्या १९५व्या आयतीत स्वतःच्या हातांनी स्वतःला बरबादीत लोटू नका असे फर्मावले आहे, आणि सूरह निसाच्या २९व्या आयतीत स्वतःला ठार करू नका, अल्लाह तुमच्यावर मेहरबान आहे असे म्हटले आहे.

या आधारांवर मक्केच्या राबितातुल आलमिल इस्लामीच्या (मुस्लिम वर्ल्ड लीगच्या) फिकह परिषदेने १९८७ साली, आपल्या दहाव्या बैठकीत, बॉक्सिंगचा निकाल दिला. रिंगमध्ये आज ज्या प्रकारे बॉक्सिंग चालते ते हराम. कारण त्यात समोरच्याला जबर इजा करायची मुभा असते. आंधळेपण, मेंदूची कायमची इजा, हाडमोड, प्रसंगी मौत, आणि मारणाऱ्यावर जबाबदारी काहीच नाही. इजा करायची मुभा असलेली फ्री कुस्तीही त्याच निकालात आली. पण ज्या कुस्तीत निव्वळ ताकद आणि डाव असतो आणि इजा करू दिली जात नाही, ती जायज ठरवली. भेद खेळाच्या नावाचा केलेला नाही, इजेचा केलेला आहे. पालकांनी हा निकाल याच अंगाने वाचावा.

यावर तरुण मुले हमखास म्हणतात, "दोघे राजी आहेत, सही केली आहे, मग तिसऱ्याचे काय गेले?" याचे उत्तर असे की शरीर आपल्या मालकीचे नाही, अल्लाहची अमानत आहे. जी वस्तू आपली नाही ती फोडायची परवानगी आपण कोणाला देणार? म्हणून परवानगीच्या कागदाने गुनाह उतरत नाही.

मग मुहम्मद अलींचे काय, असे त्यांचे वडील विचारतात. कितीतरी सलूनमध्ये त्यांचा फोटो असतो. त्यांची हिंमत मोठीच होती. १९६७ साली फौजेत जायला नकार देऊन त्यांनी किताब गमावला, तो भाग मुलांना जरूर सांगा. पण ती आदराची गोष्ट आहे, खेळ जायज असल्याची दलील नाही. शेवटची लढत १९८१ साली झाली आणि १९८४ मध्ये त्यांना पार्किन्सन्स असल्याचे निदान झाले. फक्त ठोशांमुळे झाले असे मी म्हणणार नाही, डॉक्टरांतही त्यावर मतभेद आहेत. मात्र डोक्यावर वर्षानुवर्षे ठोसे खाल्लेल्या बॉक्सरांची चाल आणि बोलणे बिघडते, हे हॅरिसन मार्टलंड या डॉक्टरांनी १९२८ सालीच लिहून ठेवले आहे. म्हणजे हे ज्ञान माझ्या नानीच्या वयाचे आहे.

खेळ निवडताना

पहिल्यांदा हे बघा की गुण कशाला मिळतात. बाकी सगळे त्यानंतर.

बॉक्सिंग, किकबॉक्सिंग, मुए थाय आणि एमएमए यांत डोके हेच निशाण असते. हेडगार्ड घातले की झाले असे पुष्कळ जण समजतात. हेडगार्डने भुवई फुटणे, खरचटणे कमी होते; कवटीच्या आत मेंदूला बसणारा हिसका त्याने थांबत नाही. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तर पुरुष बॉक्सर हेडगार्डशिवायच उतरले होते. मुलाला बॉक्सिंगची ओढच असेल तर तोडून टाकू नका. दोरीवरच्या उड्या, शॅडो, पंचिंग बॅग, प्रशिक्षकाच्या पॅडवर ठोसे, हे सगळे करू द्या. दम वाढतो, पाय हलके होतात, आणि कोणाच्या चेहऱ्याला हात लागत नाही. स्पारिंग (जोडीदाराशी सरावाची लढत) करायचेच म्हटले तर खांद्याखाली, हलक्या हाताने, आणि प्रशिक्षक तशी हमी देत असेल तरच. ही वाट बऱ्याच उलेमांना मान्य होते. मुलाला मात्र पहिल्याच दिवशी सांगून ठेवा की स्पर्धेची रिंग या वाटेवर नाही. ते न सांगता दोन वर्षे घाम गाळू दिला आणि मग अडवले, तर तो मुलावर अन्याय आहे.

कराटेचे प्रकरण जरा बारकाईने बघण्यासारखे आहे. त्यात चेहऱ्याकडे हात जातो, पण नियम ताब्याचा आहे, जोराने लागले की दंड. टोकियो ऑलिम्पिकची ७५ किलोवरील पुरुषांची फायनल मी मुलांना दाखवते. सौदीचा तारिक हमदी ४-१ ने पुढे होता. त्याची लाथ इराणच्या सज्जाद गंजजादेच्या डोक्याला लागली आणि गंजजादे मॅटवर बेशुद्ध पडला. स्ट्रेचरवरून बाहेर नेला. पंचांनी हमदीला बाद केले आणि सुवर्णपदक मिळाले बेशुद्ध पडलेल्याला. हमदी रडला. मुले हे बघून गप्प होतात, मग कोणीतरी विचारतेच की पाडले त्याने, मग हरला कसा? तिथे थांबून मी त्यांना नियम समजावते. किकबॉक्सिंगमध्ये हाच फटका विजय ठरला असता. तरीही कराटेचा क्लास निवडताना विचारा की फुल कॉन्टॅक्ट आहे की ताब्याचा. फुल कॉन्टॅक्ट असेल तर नको.

तायक्वांदोमध्ये चेहऱ्यावर ठोसा चालत नाही, पण डोक्यावरच्या लाथेला छातीवरच्या लाथेपेक्षा जास्त गुण आहेत. म्हणजे मूल जसजसे तरबेज होईल तसतसे ते डोक्याकडे वळणार. लहान वयात कवायत आणि फॉर्म्स म्हणून शिकायला हरकत नाही, पुढे सावध राहा.

कुस्तीत ठोसा नाही, लाथ नाही. आपल्या महाराष्ट्राचे तर ते वैभव. १९५२ साली हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी ब्राँझ आणले, आणि गामा पहिलवानांचे नाव आजही तालमीत आदराने घेतात. गिरणगावातल्या तालमीत मूल पाठवणार असाल तर एक गोष्ट आधी उरकून घ्या. तालमीत मारुतीची तसबीर किंवा मूर्ती असते, पोरे माती कपाळाला लावून उतरतात. वस्तादांना पहिल्या भेटीतच अदबीने सांगा, "वस्ताद, आमचा मुलगा नमस्कार आणि आरती करणार नाही, पण तालमीची शिस्त मोडणार नाही." मुसलमान पहिलवान या मातीत पिढ्यान् पिढ्या खेळले आहेत, जुने वस्ताद लगेच समजून घेतात. आणि मुलालाही बजावा की दुसऱ्याच्या श्रद्धेकडे बघून हसायचे नाही.

ज्युदो माझा, म्हणून त्याचे दोष मीच सांगितले पाहिजेत. ठोसा-लाथ नाही हे खरे, पण पडणे आहे, आणि डोके आपटू शकते. जपानच्या शाळांमध्ये १९८३ पासूनच्या साधारण तीन दशकांत ज्युदो शिकताना शंभराहून जास्त मुलांचा जीव गेला. बहुतेकांना डोक्याचा मार होता, बरीच मुले नवशिकी होती. ओसोतोगारी या डावात पाय मागून उडवतात आणि मूल पाठीवर जाते. पडायला न शिकलेल्या मुलाचे डोके तेव्हा सगळ्यात आधी टेकते. तेव्हा "ज्युदो जायज" एवढे ऐकून निश्चिंत होऊ नका.

क्लास बघायला जा, आणि तासभर बसा

फी भरायच्या आधी जा. प्रशिक्षक बसू देत नसेल तर तिथूनच परत फिरा.

नवीन मुलांना पहिले काही आठवडे काय शिकवतात ते बघा. आमच्याकडे पडणेच शिकवतात. मूल आधी उकिडवे बसते, हनुवटी छातीला टेकवते, नजर स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीवर. मग गोल पाठीने मागे लोळते आणि दोन्ही हात अंगापासून थोडे दूर, तळवे पालथे, ततामीवर (ज्युदोच्या मॅटवर) आपटते. आवाज खणखणीत आला पाहिजे. डोके टेकता कामा नये. गाठीवरून नजर हटली की हनुवटी वर जाते आणि डोके मागे पडते, म्हणून मी मुलांच्या हातांकडे बघतच नाही, डोळ्यांकडे बघते. उकिडवे नीट जमले की उभ्याने, मग जोडीदाराने हळू सोडून. लहान मुले कंटाळतात, "आपा, डाव कधी?" म्हणून मागे लागतात. पडणे अंगात मुरल्याशिवाय मी ओसोतोगारी कोणालाही घेऊ देत नाही, त्याचा बाप कितीही घाईत असला तरी.

मग जोड्या बघा. वजनाला वजन, वयाला वय लावले आहे का? थोराड पोरासमोर नवखे पोर उभे करून "तयार होतोय" म्हणणारे क्लास आहेत. मुसलमानाला घाबरवणे मुसलमानाला हलाल नाही, अशी हदीस अबू दाऊदमध्ये आहे. सीनियर मुलांच्या या मस्तीला ती थेट लागू होते.

टॅप, म्हणजे हार मानल्याची थाप, केल्यावर काय होते ते नक्की बघा. दोनदा थोपटले की पकड त्या क्षणी सुटली पाहिजे. अर्धा सेकंद जास्त धरून ठेवणाऱ्या मुलाला प्रशिक्षक बाहेर बसवतो की हसून सोडतो, यावरून तुम्हाला त्या क्लासबद्दल सगळे कळेल. गळा आवळायचे डाव मी लहानांना शिकवतच नाही.

आणि प्रशिक्षकाचा हात. चेहरा टाळावा ही हदीस शिकवणाऱ्यालाही आहे. जो मुलाच्या गालावर मारतो, त्याच्याकडून मूल त्याच दिवशी काढा. तो कितीही मेडल मिळवून देत असो.

डोक्याला लागले तर

हा भाग फ्रिजवर चिकटवून ठेवला तरी चालेल.

गेल्या पावसाळ्यात दहावीतला एक मुलगा मागे पडला, डोके ततामीवर आदळले. लगेच उठला, "काही नाही आपा" म्हणाला, आणि पुढच्या जोडीत उभा राहायला लागला. मी त्याला भिंतीला टेकवून बसवले. दिवस कोणता, आता कोणाशी खेळत होतास, असे विचारले. उत्तरे बरोबर होती, पण येत होती उशिरा, आणि ट्यूबलाइटकडे बघताना तो डोळे बारीक करत होता. घरी फोन केला. रविवारी स्पर्धा होती, वडिलांचे म्हणणे पडले की खेळू द्या, आमची ना नाही. माझी होती. तो खेळला नाही.

बेशुद्ध पडला नाही म्हणजे मेंदूला लागले नाही, असे नसते. डोकेदुखी, चक्कर, मळमळ, गोंधळ, उजेड किंवा आवाज न सोसणे, यातले एकही दिसले तर त्या दिवशी पुन्हा खेळायचे नाही. पहिला मार भरून येण्याआधी दुसरा बसला तर तो जीवघेणा ठरू शकतो. पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झोपेतून नीट जागे न होणे, झटके, एक बाहुली मोठी आणि एक लहान, नाकाकानातून पाण्यासारखे किंवा रक्त येणे: यापैकी काहीही असेल तर रिक्षा-टॅक्सीची वाट न बघता १०८ ला फोन करा किंवा जवळचे इस्पितळ गाठा. आमच्या भागातून नायर किंवा जे.जे.ची कॅज्युअल्टी.

त्यानंतर पहिले एक-दोन दिवस आराम, मोबाइल कमी. मग चालणे, मग शाळा, मग टक्कर नसलेला सराव, आणि डॉक्टरांनी लिहून दिल्यावरच जोडी. कोणत्याही पायरीवर त्रास परतला की एक पायरी मागे. अमॅच्युअर बॉक्सिंगमध्ये नॉकआउटनंतर किमान ३० दिवस रिंगबंदी असते. मुलांना तर त्याहून घाई नकोच.

मुलगे दुखणे लपवतात आणि घरची माणसे त्याला सब्र म्हणतात. तो सब्र नाही. इलाज करा असे प्रेषितांनी (स.) सांगितले आहे. आणि बलवान तो नव्हे जो दुसऱ्याला पाडतो, बलवान तो जो रागाच्या वेळी स्वतःला आवरतो, ही हदीस मुलांना तोंडपाठ असते. आवरण्यात "मला लागले आहे" म्हणून मॅट सोडणेही येते, हे त्यांना घरून कळू द्या.

वजन उतरवणे

स्पर्धेच्या आदल्या रात्री पाणी तोडून, प्लास्टिकचे जॅकेट घालून पळवणारे प्रशिक्षक मुंबईतही आहेत. डिसेंबर २०१५ मध्ये यांग जियानबिंग हा चिनी एमएमए लढवय्या मनिलात वजन उतरवताना मरण पावला. पॅरिसला २०२४ मध्ये विनेश फोगाटचे १०० ग्रॅम जास्त भरले, त्याआधी रात्रभर काय खटपट चालली होती ते सगळ्या देशाने ऐकले. मुलांच्या बाबतीत याला माझा साफ विरोध आहे. वाढत्या वयाचे मूल ज्या वजनात आहे त्याच वजनात खेळवा. आणि वजनकाट्यासाठी "रोजा धर" असे मुलाला कधीही सांगू नका. रोजा इबादत आहे.

पोशाख, मुली, आणि वाकून अभिवादन

मुलग्यांचे नाभीपासून गुडघ्यापर्यंतचे अंग झाकलेले असावे हे हनफी आणि शाफई या दोन्ही मसलकांत आहे. ज्युदो-कराटेच्या पोशाखात हा प्रश्न येत नाही. कुस्तीच्या लंगोटात आणि सिंगलेटमध्ये (स्पर्धेच्या घट्ट, आखूड पोशाखात) येतो. सराव गुडघ्यापर्यंतच्या घट्ट पँटवर करता येतो. स्पर्धेत सिंगलेटखाली तशी पँट चालेल का, हे आयोजकांना आधी विचारून लेखी घ्या. ऐन वेळी मॅटच्या कडेला वाद घालून काही मिळत नाही.

मुलींना हिजाबमुळे खेळता येत नाही, हे आता जुने झाले. जागतिक कराटे महासंघाने २०१३ मध्ये, आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग संघटनेने २०१९ मध्ये परवानगी दिली. लंडन ऑलिम्पिकला २०१२ मध्ये सौदीची वुजदान शहरखानी डोके झाकून ज्युदो खेळली. पिन लावलेला स्कार्फ मात्र नको, टोचतो आणि गळ्याला आवळतो. लवचिक कापडाची एकसंध टोपी घ्या. मुलींची जोडी मुलींशीच. मुली वयात आल्या की मी यात सूट देत नाही, मग जोडीला मुलगी नसेल त्या दिवशी मी स्वतः उभी राहते. मुलीला का शिकवायचे असे विचारणाऱ्या नातेवाइकांना एवढेच सांगा की रात्री लोकलने घरी येते. तिथे जिवावर बेतले तर बचावाचे मसले (धर्माचे नियम) वेगळे आहेत. खेळाचे नियम गुंडाला लागू नाहीत.

१८८२ साली ज्युदो सुरू करणाऱ्या जिगोरो कानो यांच्या फोटोपुढे गुडघे टेकून वाकायची रीत काही क्लासांत आहे. आमच्या हॉलमध्ये फोटो नाही. मुले सरळ उभी राहतात, हात मांडीला, आणि मान किंचित लववतात. नमाजातल्या रुकूसारखे कमरेतून वाकणे बऱ्याच उलेमांना मान्य नाही, तेव्हा क्लासात घालतानाच हे बोलून घ्या.

नमाज, रोजा, रक्त

संध्याकाळच्या बॅचला मगरिब आड येते. मुंबईत नोव्हेंबरअखेर ती सहाच्या सुमारास असते आणि जूनअखेर सव्वासातच्या पुढे, म्हणून वर्षभर एकच वेळ ठेवणारा क्लास असेल तर मुलाला मधे दहा मिनिटे सोडाल का, ते विचारा. वुजूसाठी (नमाजआधी हातपाय धुवायला) नळ कुठे आहे तेही.

रमजानमध्ये जोडीचा सराव मी बंद ठेवते. इफ्तारच्या आधी पाऊण तास हलके डाव आणि पडणे, म्हणजे लगेच पाणी मिळते. मोठी मुले तरावीहनंतर (रमजानच्या रात्रीच्या नमाजनंतर) येतात. बाहेरगावी स्पर्धा असेल तर सफरात रोजा पुढे ढकलायची सवलत कुरआनातच आहे, तिच्या अटी मुफ्तींना विचारून घ्या.

नाकातून रक्त आले की मुले घाबरतात, रोजा गेला म्हणून. रक्त बाहेर वाहिल्याने रोजा तुटत नाही. जाणूनबुजून गिळले तर तुटतो, म्हणून डोके मागे न टाकता पुढे झुकवा आणि नाक चिमटीत धरा. वुजूचे मात्र मसलकाप्रमाणे वेगळे: हनफींचा वाहत्या रक्ताने जातो, आम्हा शाफईंचा जात नाही. एकाच हॉलमध्ये दोन मित्र, एक पुन्हा वुजूला जातो आणि एक सरळ नमाजला उभा राहतो. दोघेही बरोबर. हाताला प्लास्टर असेल तर बाकीचे अवयव धुऊन पट्टीवर मसह करायचा, म्हणजे ओला हात फिरवायचा; शाफईंत त्याच्या जोडीला तयम्मुमही असतो. पाणी लागूच द्यायचे नसेल तर तयम्मुमचे (पाण्याऐवजी मातीने करायच्या शुद्धीचे) मसले आहेत.

बक्षीस

सगळ्यांकडून प्रवेश फी घ्यायची आणि त्याच पैशाचे रोख बक्षीस जिंकणाऱ्याला द्यायचे, हा जुव्याचा प्रकार होतो. बक्षीस सरकारने, संघटनेने किंवा तिसऱ्या कोणी दिले तर आजच्या बऱ्याच उलेमांच्या मते हरकत नाही. लढतीवर बाहेर पैजा लागत असतील तिथे मूल नेऊच नका.

मुफ्तींना असे विचारा

"कराटे जायज आहे का?" एवढेच विचाराल तर उत्तरही तेवढेच मिळेल. कागदावर लिहून न्या: "माझा मुलगा बारा वर्षांचा आहे. क्लासात चेहऱ्यावर मारण्याला दंड आहे, सरावात हेडगार्ड आणि छातीचे पॅड असते, मार बसला तर प्रशिक्षक खेळ थांबवतात. स्पर्धेत डोक्याकडे लाथ चालते. वाकून अभिवादन असते, मान लववण्याइतके. बक्षीस राज्य संघटना देते. आम्ही शाफई (किंवा हनफी) आहोत. यातले काय ठेवावे आणि काय सोडावे?" प्रशिक्षकाचा फोन नंबरही सोबत न्या. मुफ्तीसाहेबांना काही विचारायचे असेल तर त्याला तिथूनच लावून द्या.